अडीच हजारांचे पॅकेज आणि ३०८ तासांचा महिना

स्टुडिओचा महिन्याचा खर्च १ लाख १० हजार रुपये. एका सिटिंगचे पॅकेज २,५०० रुपये. खर्च भागवायला ४४ सिटिंग लागतात. पहिल्या फोनपासून फोटो हातात देईपर्यंत एका सिटिंगमागे ७ तास जातात. ४४ गुणिले ७ म्हणजे ३०८ तास. आठवड्याची सुट्टी घेऊन रोज आठ तास काम करणाऱ्या माणसाच्या महिन्यात २०० तास असतात. हिशेब इथेच संपतो: दारात रांग लागली तरी हा स्टुडिओ फायद्यात येऊ शकत नाही.

तरीही असे दर जागोजागी दिसतात. समोरच्या स्टुडिओचा भाव विचारायचा, त्यातून पाचशे कमी करायचे आणि बोर्ड लावायचा, ही दर ठरवण्याची रूढ पद्धत. पोर्ट्रेट स्टुडिओचा खरा माल म्हणजे फोटोग्राफरचे तास, आणि तो माल दर महिन्याला मोजूनच येतो. म्हणून धंदा वाढवायचा तर गिऱ्हाइकांची संख्या हा शेवटचा आकडा. त्याआधी तासामागची कमाई बघावी लागते.

पुढच्या हिशेबातले भाडे, पगार आणि दर हे पुणे किंवा नाशिकच्या उपनगरातला एक स्टुडिओ डोळ्यांपुढे ठेवून धरलेले नमुन्याचे आकडे आहेत. तिथे प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. करांचे, कायद्याचे आणि लेन्सच्या अंतराचे आकडे मात्र खरे आहेत. ते कोणासाठी बदलत नाहीत.

महिन्याचा खर्च

गाळ्याचे भाडे २२,०००, वीज ४,०००, मदतनीसाचा पगार १५,०००, कॅमेरा-लाइट बदलण्यासाठी बाजूला काढलेले ९,०००, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि हार्ड डिस्क ३,०००, जाहिरात ४,०००, दुरुस्ती, विमा आणि किरकोळ ३,०००. बेरीज ६०,०००. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर लागतो, तो या किरकोळीत धरला आहे. वर मालकाचा पगार ५०,०००. झाले १ लाख १० हजार.

या शेवटच्या ओळीतच सगळी गोम आहे. मालकाचा पगार वगळला तर ६०,००० रुपये भागवायला अडीच हजारांची २४ सिटिंग पुरतात. त्यांना १६८ तास लागतात, म्हणजे ओढूनताणून जमते. स्वस्त स्टुडिओ चालू असल्याचे दिसते ते यामुळे. त्याचा तोटा ताळेबंदात दिसत नाही, घरखर्चाच्या वहीत दिसतो.

शिवाय २०० तास सगळेच्या सगळे सिटिंगला मिळत नाहीत. नुसती चौकशी करणारे फोन, हिशेब, साफसफाई, सोशल मीडियावरच्या पोस्ट, न आलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहणे यात ८० तास गेले असे धरू. उरतात १२०. सात तासांच्या हिशेबाने महिन्याला १७ सिटिंग, ही छताची उंची.

सात तास जातात कुठे

फोन, तारीख आणि तयारी अर्धा तास. शूट दीड तास. निवड अर्धा तास. १५ फोटोंचे रिटचिंग, प्रत्येकी १२ मिनिटे, म्हणजे तीन तास. गिऱ्हाइकाला फोटो दाखवणे आणि बिल एक तास. प्रिंटची ऑर्डर आणि डिलिव्हरी अर्धा तास. सातपैकी दीडच तास कॅमेरा हातात असतो. रिटचिंगला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

आता सरासरी बिल ७,००० रुपये धरू. त्यातले १,५०० प्रिंट, फ्रेम आणि लॅबला जातात. हातात राहतात ५,५००. १७ सिटिंगचे ९३,५०० होतात. १६,५०० कमी पडतात. खर्च भागायला २० सिटिंग हवीत, आणि छत १७ चे आहे.

छत वर न्यायचा स्वस्त उपाय म्हणजे पॅकेजमध्ये १५ ऐवजी ८ फोटो देणे. रिटचिंग १८० मिनिटांवरून ९६ वर येते, सिटिंग ५.६ तासांची होते आणि महिन्यात २१ बसतात. २१ गुणिले ५,५०० म्हणजे १,१५,५००. तुटीच्या जागी साडेपाच हजार शिल्लक. रिटचिंगच्या नव्या सॉफ्टवेअरने एका फोटोचा वेळ १२ मिनिटांवरून ६ वर आणला, तर सिटिंग ४.८ तासांवर येते आणि छत २५ चे होते. तासामागची कमाई ७८६ रुपयांवरून आधी ९८२ आणि मग १,१४६ वर जाते. यात एकही नवे गिऱ्हाईक आणलेले नाही की दर एका रुपयाने वाढवलेला नाही.

आठच फोटो दिले तर गिऱ्हाईक नाराज होईल, ही भीती खोटी नाही. पण भिंतीवर एक फ्रेम लागते, आजीकडे एक जाते, दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. एकाच हसण्याच्या चार आवृत्त्या देण्यापेक्षा निवड नेमकी करून देणे हेही फोटोग्राफरचेच काम आहे. ज्यांना जास्त हवेत त्यांच्यासाठी जादा फोटोचा वेगळा दर लिहून ठेवता येतो.

वीस टक्के सवलत, चौतीस टक्के जास्त काम

दिवाळीत २० टक्के सूट दिली की ७,००० चे बिल ५,६०० होते. लॅबचे १,५०० तेवढेच राहतात, म्हणून हातात येतात ४,१००. आधीइतकेच कमवायला ३४ टक्के जास्त सिटिंग करावी लागतात. २१ च्या जागी २८. छत २१ चे असेल तर ती सात करणार कधी?

उलट दर १० टक्क्यांनी वाढवला तर बिल ७,७०० आणि हातात ६,२००. शंभरातली अकरा गिऱ्हाइके सोडून गेली तरी कमाई तेवढीच राहते, आणि त्या अकरांचे ६० हून अधिक तास मोकळे होतात. दर वाढवताना गेलेले गिऱ्हाईक डोळ्यांना दिसते, सूट देताना गेलेला तास दिसत नाही. म्हणून सूट सोपी वाटते.

सूट द्यायचीच तर ओस पडलेल्या दिवसांवर द्यावी. पितृपंधरवड्यात तारखा रिकाम्या असतात, आठवड्याच्या मधल्या दुपारी रिकाम्या असतात. तिथला तास तसाही फुकट जाणार असतो. दिवाळीत आणि डिसेंबरात, परदेशातली मुले घरी आलेली असताना, घरचे सगळे एका फ्रेममध्ये येण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. तेव्हा सूट देण्याचे कारण नाही. लग्नाची कामे करणाऱ्यांसाठी चातुर्मास हा मोकळा काळ. पोर्ट्रेटची घडी बसवायला आषाढी ते कार्तिकीचे ते चार महिने उपयोगी पडतात.

गाळा किती लांब हवा

स्टुडिओ काय विकू शकतो ते लेन्स आणि गाळ्याची लांबी मिळून ठरवतात. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. कॅमेरा उभा धरला की चौकटीची उंची ३६ मिलिमीटर. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने डोके-खांदे, म्हणजे अडीच फुटांची चौकट घ्यायला ५.९ फूट अंतर लागते. कमरेपर्यंतच्या चार फुटांना ९.४ फूट, आणि पायांपासून डोक्यापर्यंतच्या सात फुटांना १६.५ फूट. ५० मिलिमीटरच्या लेन्सने हेच सात फूट ९.७ फुटांवरून बसतात.

यात माणूस आणि पडदा यांच्यातले ५ फूट आणि कॅमेऱ्यामागे उभे राहायला २ फूट मिळवा. १० बाय १२ च्या गाळ्यात हातात उरतात पाच फूट. ८५ च्या लेन्सने साधे डोके-खांदेही नीट बसत नाहीत. १० बाय २० च्या गाळ्यात १३ फूट उरतात. तिथे ८५ ने कमरेपर्यंत आणि ५० ने पूर्ण उभा फोटो येतो. पाच जणांच्या कुटुंबाची नऊ फूट रुंद चौकटही ५० ने साडेबारा फुटांवरून बसते. ८५ नेच पूर्ण उभा फोटो हवा असेल तर मात्र जवळजवळ २४ फूट लांबी लागेल.

चौरस फुटाला ११० रुपये भाडे धरले तर छोटा गाळा १३,२०० ला आणि मोठा २२,००० ला पडतो. फरक ८,८०० रुपयांचा. तो महिन्याला दोन कौटुंबिक सिटिंगमध्ये निघतो, आणि कौटुंबिक सिटिंग छोट्या गाळ्यात होतच नाही. भाड्यात वाचवलेला पैसा असा विक्रीत जातो. गाळा बघायला जाताना खिशात मोजपट्टी असावी, आणि रुंदीच्या आधी लांबी मोजावी.

पासपोर्ट फोटोचा गल्ला

३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोवर गावोगावचे स्टुडिओ उभे राहिले. ४ बाय ६ इंचांच्या एका कागदावर असे आठ बसतात. आज पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालील मुलांचा तेवढा बरोबर न्यावा लागतो. आधारचा फोटो केंद्रावर निघतो. त्यामुळे हा गल्ला आटत चालला आहे. उरली ती बारीक नियमांची कामे: अमेरिकेच्या व्हिसासाठी २ बाय २ इंच, शेंगेन व्हिसासाठी ३५ बाय ४५ मिलिमीटर.

शंभर रुपये, दहा मिनिटे आणि पंधरा रुपयांचा कागद-शाई धरली तर सलग रांग असतानाही तासाला ५१० रुपये होतात, कौटुंबिक सिटिंगच्या जेमतेम निम्मे. तरी हे काम बंद करू नये. व्हिसाच्या फोटोसाठी येणारे घर परदेशी जायच्या तयारीत असते, आणि जाण्याआधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची इच्छा त्याच घरात असते. दहा मिनिटांच्या कामात भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमकडे त्यांची नजर जाईल अशी खुर्ची मांडली, तर पासपोर्ट फोटोचे काम जाहिरातीचे होते.

एका कागदावर आठ फोटो बसवून भाव पाडण्याची युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये अशा छोट्या ‘कार्त द व्हिजित’ फोटोंचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक फोटो घेता येऊ लागल्याने पोर्ट्रेट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दिस्देरीने एके काळी अमाप पैसा केला, पण तीच युक्ती सगळ्यांनी उचलली आणि १८८९ मध्ये तो गरिबीत वारला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला तो संस्थानिकांच्या आणि सरकारी वर्तुळातल्या नावलौकिकावर. यंत्राने फोटो स्वस्त होतो, आणि ते यंत्र शेजाऱ्याकडेही येतेच. माणसाला खुर्चीत निवांत बसवण्याची हातोटी बाजारात विकत मिळत नाही.

बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत

महिन्याला जाहिरातीचे ४,००० आणि त्यातून आठ नवी घरे आली, तर एका घरामागे ५०० रुपये पडले. जुने घर परत आणायला एक फोन लागतो. आणि मराठी घरात परत येण्याची निमित्ते कमी नाहीत. डोहाळजेवण, बारसे, उष्टावण, पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण, पहिला वाढदिवस: दीड वर्षात पाच. पुढे मुंज, लग्न, साठी, पंचाहत्तरी. सहस्रचंद्रदर्शनाचा तर हिशेबच पक्का आहे. दोन पौर्णिमांमधले अंतर साडेएकोणतीस दिवसांचे, म्हणून हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस लागतात, म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे दहा महिने.

डोहाळजेवणाच्या निमित्ताने वर्षात वीस घरे जोडली आणि प्रत्येकाने पाचपैकी तीनच निमित्ते दिली, तरी साठ सिटिंग झाली. वर्षाच्या २५२ मधली जवळजवळ चौथाई, तीही आधी तारीख माहीत असलेली. एका वहीत घर, बाळाची जन्मतारीख आणि आजी-आजोबांची वये लिहून ठेवणे याहून स्वस्त मार्केटिंग नाही.

बाहेरून आलेल्या कल्पना मात्र तपासून घ्याव्यात. नवजात बाळाचे शूट जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत, बाळ झोपाळू असताना करायचे, अशी पाश्चात्त्य स्टुडिओंची रीत. आपल्याकडे पुष्कळ घरांत बाळ-बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाहीत. मग दोनच मार्ग उरतात. एक, बाळाने मान धरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्टुडिओत बोलवायचे. दुसरा, आपण घरी जायचे. जाण्या-येण्याचे आणि लाइट लावण्याचे दोन तास वाढले की सिटिंग ७.६ तासांची होते, आणि तासाला ९८२ ची कमाई राखायची तर बिल ९,००० च्या आसपास हवे. सात हजारांत घरी जाणारा फोटोग्राफर वरचे दोन तास दान करून येतो.

कंपनीचे काम

कार्यालयातल्या तीस जणांचे हेडशॉट. प्रत्येकी दहा मिनिटे शूट म्हणजे ५ तास, प्रत्येकी दहा मिनिटे रिटचिंग म्हणजे ५ तास, प्रवास आणि मांडामांड ३ तास. एकूण १३. माणशी ७०० धरले तर २१,०००. प्रवास आणि जादा मदतनीसाचे १,५०० वजा केले की १९,५००. तासाला दीड हजार. माणशी दर घरगुती कामाच्या बिलाचा दहावा हिस्सा, आणि तासाची कमाई दीडपट.

अडचण उधारीची. इथे उद्यम नोंदणी कामी येते; ती फुकट होते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. व्याज कोणी मागत बसत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की अकाउंट्स विभागातली फाइल लवकर हलते.

वीस लाखांचा उंबरठा

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक होते. फोटोग्राफीवर दर १८ टक्के. ७,००० च्या बिलाने महिन्याला २३ सिटिंग म्हणजे वर्षाला १९.३२ लाख, कर नाही. आता छत २५ चे झाले म्हणून दोन सिटिंग वाढवली. उलाढाल २१ लाख. घरगुती गिऱ्हाइकाला एकूण ७,००० च द्यायचे असतील, तर कर त्यातूनच काढावा लागतो: २१ लाखांतले ३.२० लाख. हाती १७.८० लाख. काम वाढले आणि वर्षाचे दीड लाख घटले. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ती किती? २.३६ लाखांच्या कॅमेरा-लेन्सवर ३६,००० रुपये.

दुसरी वाट कंपोझिशनची. आदल्या वर्षाची उलाढाल ५० लाखांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला ६ टक्के भरून मोकळे होता येते. मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, वजावट मिळत नाही आणि परराज्यात सेवा पुरवता येत नाही. २१ लाखांवर १.२६ लाख कर, उरतात १९.७४ लाख. वाढीव २४ सिटिंगचे लॅबखर्चाचे ३६,००० वजा केले की १९.३८ लाख. म्हणजे वर्षभरात ११५ तास जास्त राबून सहा हजारांचा लाभ, तासाला ५२ रुपये.

त्यामुळे हा उंबरठा एक-दोन सिटिंगच्या पावलाने ओलांडू नये. तो ओलांडायचा तो दर बदलून किंवा कंपन्यांचे काम घेऊन. कंपनीला १८ टक्के जड जात नाहीत, कारण बहुतेक नोंदणीकृत कंपन्या ते वजा करून घेतात. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर तसे करता येत नाही. घरगुती काम जास्त असेल तर कंपोझिशन, कंपन्यांचे जास्त असेल तर नियमित नोंदणी, असा साधारण कौल. घरगुती दर ७,००० चा ८,२६० करता आला तरच नियमित नोंदणीत कमाई शाबूत राहते.

क्लिक, कर्ज आणि करारातली एक ओळ

एका सिटिंगला २०० क्लिक धरले तर वर्षाला ५०,४००. निकॉन डी७५० चे शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेले, डी८५० चे दोन लाख. म्हणजे तीन ते चार वर्षांचे काम. महिन्याचे ते ९,००० बाजूला काढण्याचे कारण हेच. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल ३० एमबी धरली तर वर्षाचे दीड टीबी होतात, आणि दोन प्रती ठेवायच्या तर तीन.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. तीन लाख, पाच वर्षे, ११ टक्के व्याज धरले तर हप्ता साधारण ६,५२० रुपये, म्हणजे सव्वा सिटिंग. घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू सिटिंगचे तास कमी करते की बिल वाढवते? शूट चालू असतानाच फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवणारी साधी जोडणी गिऱ्हाइकाची दुसरी फेरी वाचवते. तिसरी महागडी लेन्स बहुधा यातले काहीच करत नाही.

आणि करारात एक ओळ हवीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे स्वतःच काढलेला फोटो शोकेसमध्ये लावायला किंवा इन्स्टाग्रामवर टाकायला फोटोग्राफरला लेखी परवानगी लागते. मुलांचा फोटो असेल तर आई-वडिलांची सही बुकिंगच्या कागदावरच घ्यावी.

महिनाअखेरीला तीन आकडे लिहावेत: एका सिटिंगला लागलेले तास, लॅबखर्च वजा जाऊन तासामागे हातात आलेले रुपये, आणि परत आलेल्या घरांची संख्या. पहिला घटत असेल आणि उरलेले दोन वाढत असतील तर दुसरा फोटोग्राफर नेमायची वेळ जवळ आली आहे. सिटिंगची संख्या वाढते आहे आणि तासाची कमाई घसरते आहे, असे दिसले तर जाहिरात थांबवून आधी दरपत्रक बदलावे.